बाबाच्या इलाजाला सोबत

१८ नोव्हेंबर, सोमवार

बाबा आजारी आहे असं काही दिसत नाही.

फोनवर म्हणाला होता, "मले बरं वाटत नाई, हर्षदीप, तू ये." म्हणून जैसलमेरकडचं सोलरच्या प्लेटा बसवायचं काम टाकून गाड्या बदलत आलो. पाहतो तर हा वावरात कापूस वेचून राहिला. कमरेला झोळी, गालात तंबाखू. मला पाहून म्हणाला, "आला काय? जेवून घे." एवढंच. मला वाटलं होतं खाटेवर पडलेला असेल.

बॅग ओसरीवर ठेवली आणि निघालो. गावातल्या चंपतकाकाची मोटरसायकल मागून घेऊन नेरडीगोंड्याला हायवेवर गेलो, चहा प्यालो, नागपूरकडे जाणारे ट्रक पाहत उभा राहिलो. मला एका जागी बसवत नाही. मास्तर म्हणायचे, या पोट्ट्याच्या बुडाखाली निखारा आहे. म्हणूनच सातवीच्या पुढे शाळा झाली नाही. उन्हाळ्यापासून जास्तच झालंय. कामावर ते चालून जातं, तिथं प्लेटा डोळे पोचत नाहीत तिथवर पसरलेल्या, दिवसभर पायांना काम.

परत आलो तर शेजारची कौशल्यामावशी दारात उभी. "माय गेली तवा जलदानाले आला अन् दुसऱ्या दिशी पयाला. मांगं बापाचं काय झालं पाह्यलं काय?"

मी म्हटलं, तिकीट काढलेलं होतं.

"आता तरी बूड टेकव," म्हणाली.

ओसरीवर झोपतोय. आत उकडते.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी बाबा म्हणाला, "चाल, बोथच्या दवाखान्यात जायचं हाये. मंगळवार-शुक्रवार आदिलाबादहून मॅडम येते."

"कायच्या डॉक्टर हाये?"

"गोळ्या नाई देत. संगं चालते अन् बोलते."

"चालाले अन् बोलाले डॉक्टर लागते काय बाबा?"

"लागते म्हनूनच ठेवली ना सरकारनं. अन् घरचं एक मानूस संगं पायजे म्हनते. तुज्याशिवाय कोन हाये मले?"

मी चपला घातल्या.

प्रीती मॅडम तिशीच्या असतील. पायात बूट, खांद्याला पाण्याची बाटली. मला वाटलं आत खुर्ची देतील, टेबलापलीकडून विचारतील. त्यांनी दवाखान्याच्या मागचा रस्ता दाखवला. म्हणाल्या, "खोलीत बसायचं नाही. या रस्त्यानं तळ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. वेग तुमचा. थांबावंसं वाटलं तर थांबू. बोलावंसं वाटलं नाही तर नुसतं चालू, त्यात काही बिघडत नाही. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही, म्हणून काही जणांना बोलणं सोपं जातं. पाऊस आला तर व्हरांड्यात बसू. रस्त्यावरचं बोलणं मी कुणाला सांगणार नाही. फक्त एक आधी ठरवू. ओळखीचं कुणी भेटलं आणि विचारलं, हे काय चाललंय, तर काय सांगायचं?"

बाबा लगेच म्हणाला, "शुगर हाये म्हना."

बाबाला शुगर नाही. बाबा चहात साखर टाकत नाही, साखरेत चहा टाकतो.

हे विचारून ठेवलं ते बरंच झालं. आमच्याकडे बिनकामाचं पायी कोणी चालत नाही. पायी चालणारा माणूस दिसला की त्याची गाडी बिघडली असं समजून सगळे थांबतात. आधी एक ट्रॅक्टर थांबला, मग चंपतकाका थांबला.

"मोतीरामदादा, बसा ना! पैदल काऊन?"

"शुगर निंगाली ना बापा. डॉक्टर चालाले सांगते."

"आँ!" चंपतकाकाचं तोंड असं झालं जशी त्यालाच निघाली. "अन् तुमी त गोडाचे मानूस!"

आम्ही बापलेक कधी बाजूबाजूनं चाललो नाही. बाबा पुढं, मी चार हात मागं, हीच आमची रीत. मॅडम म्हणाल्या सोबत चला, तर आमचे खांदे एकमेकांना लागायला लागले. मग थोड्या वेळानं बाबानं गुडघा धरला. "तुमी व्हा पुढं. मी येतो हयूहयू."

आता मॅडमचा वेळ फुकट जायला नको. म्हणून मीच बाबाबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, बाबांना झोप लागते का? मी सांगितलं, बिलकूल नाही. मी जेव्हा जेव्हा उठून पाहिलं तेव्हा त्याचे डोळे उघडेच. जेवण? ते पण नाही. मी ताट सारलं की तो पण सारतो. घरात बसतो का? मी म्हटलं, ते नाही सांगता येत, मी घरात नसतो.

मॅडम "बरं" म्हणाल्या.

संध्याकाळी हाच बाबा कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बांधावरून झपझप आला. गुडघ्याच्या दुखण्याचं मला काही समजत नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

गावात बातमी पसरली. कौशल्यामावशीनं कारल्याचा रस आणून दिला, पेलाभर, हिरवागार. बाबानं माझ्यासमोर पिला. त्याच्या मानेची शीर न् शीर दिसली. मी म्हटलं, "बाबा, सांगून टाक ना मावशीले, शुगर नाई म्हनून."

"मंग काय सांगू, कायले चालतो?"

"मन उदास हाये म्हन. मायमुळं."

"राहू दे," म्हणाला. "कारलं रगत साफ करते."

आज पण बाबा मागंच राहिला. तळ्याजवळ बगळे होते. मी कामाचं सांगितलं: प्लेटा कशा वाळूत उभ्या करतात, वारा आला की दात किचकिच करतात, दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. मॅडमना वायरिंग पण समजावलं. परत आलो तेव्हा आठवलं, बाबाचा विषयच निघाला नाही. पुढच्या वेळी आधी बाबाचं बोलायचं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मॅडमना दम लागला. मी फार जोरात चालतो म्हणे. त्या म्हणाल्या, "वेग तुमचाच, पण एक विचारू? आपण कशाच्या मागं आहोत की काही आपल्या मागं आहे?" म्हणून चाल कमी केली. कमी केली की छातीत कसंतरी होतं. तेही त्यांना सांगितलं. म्हणाल्या, "होऊ द्या. पाय जमिनीवर टेकतो तेवढं फक्त पाहा." टाच, मग चवडा. रस्त्यावर कापसाची बोंडं पडलेली, टायरखाली चेपलेली. तेवढं पाहत चाललो. बरं वाटलं नाही पण वाईट पण वाटलं नाही.

त्यांनी विचारलं, तिकडे खोलीत सोबत कोण असतं? मी रविकांतचं सांगितलं. लातूरकडचा आहे, पोळ्या चांगल्या करतो, झोपेत बडबडतो. रोज घरी फोन करतो आणि मला विचारतो, "तुझी आई कशी आहे रे?" मी म्हणतो, मस्त आहे.

"कधीपासून म्हणता?"

"पयल्यापासूनच."

"मे महिन्यानंतर पण?"

मी म्हटलं, आता त्याला कशाला सांगायचं, तो हळवा आहे, रडत बसेल, मग पोळ्या कोण करेल.

मॅडम हसल्या नाहीत. पण रागावल्या पण नाहीत. नुसत्या चालत राहिल्या. रस्ता सुना असला की पावलांचा आवाज येतो, त्यांच्या बुटांचा वेगळा, माझ्या चपलेचा वेगळा. आणि मागून बाबाच्या काठीचा. काठी कधी घेतली त्यानं?

३० नोव्हेंबर, शनिवार

चंपतकाकाच्या पोरीचा साखरपुडा झाला. सगळ्यांच्या ताटात बुंदी, बाबाच्या ताटात फुटाणे. चंपतकाका स्वतः ओरडून सांगत होता, "मोतीरामदादाले गोड देऊ नका रे, पाप लागीन!" बाबा एक एक फुटाणा चावत होता आणि बुंदीच्या टोपल्याकडे पाहत होता. मला हसू आलं आणि कीव पण आली. हळूच म्हटलं, "बाबा, बंद कर ना हा इलाज. कायी फायदा दिसत नाई तुले."

बाबा म्हणाला, "दिसते थोडा थोडा."

मला तर काही दिसत नाही. ठेकेदाराचा फोन येऊन राहिला, कधी येतो म्हणून. बाबाला अशा हालतीत टाकून जाता येत नाही आणि इथं राहवत नाही. परवा दिवसभर बोथ, नेरडीगोंडा, परत बोथ केलं. काम काहीच नव्हतं.

३ डिसेंबर, मंगळवार

धुकं होतं. मॅडम आणि मी पुढं, बाबा मागं.

तळ्याच्या अलीकडे एक गाडी थांबली. अमृतराव. इंद्रवेल्लीकडचा माणूस, आमची माय वाकळा शिवायची त्या नेऊन बाजारात विकायचा. वर्षभर इकडे आला नसेल.

"काबे हर्षदीप! वयखू नाई येत लेका. माय बरी हाये ना?"

मी म्हटलं, "बरी हाये."

"तिले म्हन दोन वाकळा पायजे. थंडी पडली."

"सांगतो," म्हटलं.

गाडी गेली. किती सोपं निघालं तोंडातून. मग मागं पाहिलं तर बाबा तिथंच होता, हाताच्या अंतरावर. त्यानं सगळं ऐकलं होतं. काठी बगलेत, हात गुडघ्यावर नाही.

बाबा येऊन माझ्या बाजूनं चालायला लागला. खांदे लागत होते पण दोघांपैकी कोणी सरकलं नाही. तळं आलं, तळं मागं गेलं, आम्ही वळलो नाही, पुढंच चाललो. मग माझ्याच तोंडून निघालं.

"बाबा, लुगडं कोन्तं नेसवलं होतं?"

"पांढरं. विहारातल्या बायांनी आनलं."

"डोये मिटले होते?"

"मिटले होते. झोपल्यावानी."

"दुखलं काय तिले?"

"जास्त नाई. घाम आला म्हनली, पानी मांगतलं. मी माठातलं देल्लं. एक घोट घेतला अन् म्हनली, गार हाये. मंग आडवी झाली."

"मले इचारलं काय?"

बाबानं काठी बगलेतून हातात घेतली. "नाई रे. तेवढा वेळच नाई भेटला तिले. खोटं कायले सांगू? पन सकाळी वावरातून येताना म्हनत होती, तिकडं वाळूत पोट्ट्याचे पाय भाजत असतीन."

मी अजून विचारलं. बर्फ कुठून आणला. कोण कोण होतं. केस मोकळे होते की बांधलेले. सगळं विचारलं, अगदी चपलांचं पण. बाबा एकेकाचं उत्तर देत गेला. म्हणाला, "दुपारवरी वाट पाह्यली तुजी. ऊन लय होतं. मंग सारे म्हनले, आता नाई ठेवता येत. मी म्हनलो, न्या." मी म्हटलं, "बरोबर केलं बाबा. ऊन होतं." मी रेल्वेत होतो तेव्हा तिला नेलं, हे मला माहीत होतं. पण बाबाला "न्या" म्हणावं लागलं, हे माहीत नव्हतं.

रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसलो. बसलो आणि रडलो. आवाज करून, लहान पोरासारखा. बाबानं पाठीवर हात वगैरे फिरवला नाही, त्याला ते येत नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या डोक्यावर टाकला, बाजूला बसला. मॅडम दूर राहिल्या, तळ्याकडे तोंड करून.

आणि एवढ्यात चंपतकाकाची गाडी.

"अरे! याले काय झालं?"

बाबानं माझ्या डोक्यावरचा दुपट्टा सारखा केला.

"यालेही शुगर निंगाली काय?"

"हाव," बाबा म्हणाला. "घराण्यातच हाये."

चंपतकाका गाडीवरून उतरला, माझ्यासमोर उकिडवा बसला. "रडू नको बापा. गोळ्या भेटते आता. बुंदी खाल्ली म्हनून झाली काय माह्या घरची?"

मला दुपट्ट्याखाली हसू फुटलं. रडतोय की हसतोय मलाच समजेना. बाबा पण हसत होता, त्याचा खांदा हलत होता ते लागलं मला.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज मॅडमकडे गेलो नाही. सकाळीच पांढरे कपडे घालून विहारात. बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्त्या, सगळं गाव. वंदना सुरू झाली आणि शेवटपर्यंत बसून राहिलो. मध्ये उठून बाहेर जायचं आज सुचलंच नाही. कौशल्यामावशी मागून म्हणाली, "टेकलं एकदाचं."

दोन दिवसांपासून घरात झोपतोय. थंडी आहे बाहेर.

८ डिसेंबर, रविवार

इंद्रवेल्लीला जाऊन आलो. अमृतराव बाजारात सापडला, गाडीवर बसून कोणाशी तरी भाव करून राहिला होता. मी म्हटलं, "अमृतरावकाका, माय मे महिन्यात गेली. त्या दिशी तोंडातून भलतंच निंगालं."

तो गाडीवरून उतरला. टोपी काढली. मग म्हणाला, "इतक्या दूर हे सांगाले आला?"

"हाव."

"चाल, चा पिऊ."

चहा पिताना त्यानं मायच्या किती गोष्टी सांगितल्या. भाव करताना माय त्याला म्हणायची, "अमृतराव, माही वाकळ पांघरून झोपशीन त सपनातई मले दोन रुपये जास्त देशीन." हे मला माहीत नव्हतं. असा विचार आला की मायचं काय काय किती लोकांकडे पडून असेल आणि मी कोणाला विचारलंच नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

परवा मी निघणार, म्हणून आज शेवटचं चालणं. बाबा काठी न घेता आला आणि तळ्यापर्यंत आमच्या बरोबरीनं चालला. गुडघ्याचं नाव नाही. मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, मले पयले पटत नव्हतं, पन तुमच्या इलाजानं फरक पडला. बाबा बरा झाला. झोपते, जेवते."

मॅडम म्हणाल्या, "आणि तुम्ही?"

"मी त सोबतीले आलो ना."

"हो," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तिकडे गेल्यावर पण संध्याकाळी चालत जा. रविकांतला सोबत न्या. जोरात नाही. बोलावंसं वाटलं तर बोला. आणि जड झालं तर फोन करा, मी चालत चालत बोलेन." नंबर दिला. मला काऊन दिला, बाबाला द्यायला पाहिजे होता. बाबाकडे फोन नीट चालत नाही म्हणून असेल.

दवाखान्याच्या फाटकाशी मॅडम वाकल्या आणि बाबाच्या पायाला हात लावायला गेल्या. बाबा मागं सरला. "नाई नाई पोरी, आमच्यात पाया नाई पडत. जयभीम म्हन, झालं."

त्या "जयभीम काका" म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

डॉक्टरनं पेशंटच्या पाया पडायला जायचं हे मी पहिल्यांदाच पाहिलं. रस्त्यात बाबाला विचारलं, "त्या तुज्या पाया काऊन पडत होत्या?"

"वयानं मोठा हाये ना मी."

"तेवढ्यानं?"

"तेवढ्यानंच. चाल लवकर, कापूस भरायचा हाये."

आज पण मी मागं नव्हतो. बाजूनं चाललो.

१२ डिसेंबर, गुरुवार. बसमध्ये

अक्षर हलतंय. नागपूरची बस आहे, तिथून रेल्वे.

बाबा नेरडीगोंड्यापर्यंत सोडायला आला. बस येईपर्यंत हायवेच्या कडेनं आम्ही चालत होतो, इकडून तिकडे, तिकडून इकडे. टपरीवाल्यानं विचारलं, कोणाला शोधता का. बाबा नाही म्हणाला. बस आली तेव्हा तो म्हणाला, "जाय. आता मले फिकर नाई." बरा माणूस असाच बोलतो. मी आलो, सोबत चाललो, ते बरं झालं. नाहीतर एकट्यानं हा दवाखान्यात गेलाच नसता.

आदिलाबादला एक म्हातारी बाजूला बसली. पांढरकवड्याला लेकीकडे निघालेली. पिशवीतून बोरं काढून दिली. कुठं चालला, काय काम करतो, लग्न झालं काय, सगळं विचारलं. मग म्हणाली, "घरी कोन कोन असते, बापू?"

"बाबा असते," मी म्हटलं. "माय उन्हाळ्यात गेली."

तिनं बोराची बी हातात धरली, खिडकीबाहेर टाकायची राहिली. "मोठी होती काय?"

"नाई. कामाची बाई होती. वावर करे, वाकळा शिवे."

"काय नाव होतं माउलीचं?"

"चंद्रभागा," मी म्हटलं.

"चंद्रभागा," म्हातारी म्हणाली. मग सरकून नीट बसली आणि म्हणाली, "सांग."

पांढरकवडा येईपर्यंत मी सांगत होतो.